सहा जण, आठ शहरं, अठरा दिवस: युरोपातली रेल्वे सहल कशी आखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा मित्रमैत्रिणी, वयं पंचवीस ते एकतीस, जूनमधले अठरा दिवस. यादीत पॅरिस, ॲम्स्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम आणि बार्सिलोना. विमान फक्त जाता-येता, मधला सगळा प्रवास रेल्वेने. युरेल पास, म्हणजे अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा एकच पास, घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत? किती आधी काढावीत? रात्रीच्या गाडीने हॉटेलचे पैसे वाचतात का? आणि शेवटी, ‘सहाही जण परत येईपर्यंत एकमेकांशी बोलत राहावेत यासाठी काय करावं?’

शेवटचा प्रश्न तुम्ही गमतीत विचारलाय, पण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यावरच ठरतात. एकट्याने फिरणारा माणूस सकाळी उठून ‘आज प्राग नको, ड्रेस्डेनला उतरू’ म्हणू शकतो. सहा जणांना तसं म्हणता येत नाही. त्यांची राहण्याची जागा महिनोन्‌महिने आधी ठरलेली असते, कारण जूनमध्ये सहा जणांना एका छपराखाली जागा आयत्या वेळी मिळत नाही. गटांच्या सहली आखून देताना मी दोनच गोष्टी आधी बघतो: कुठे किती रात्री, आणि दोन मुक्कामांमध्ये थेट गाडी आहे की नाही. पास, ॲप, सवलती हे सगळं त्यानंतर.

आधी यादीला कात्री लावू. अठरा दिवस म्हणजे सतरा रात्री. आठ शहरं म्हणजे सरासरी दोन रात्री, म्हणजे एका शहरात मोकळा असा एकच दिवस. दुसरा दिवस सामान बांधण्यात, गाडीत आणि नव्या जागेची चावी मिळवण्यात जातो. सहा जण असले की हे सगळं दुप्पट वेळ खातं. एका न्हाणीघरापुढे सहा जणांची रांग लागते हे साधं कारण त्याला पुरेसं आहे.

पहिलं नाव कापायचं ते बार्सिलोनाचं. शहर कमी आहे म्हणून नाही, नकाशामुळे. पॅरिसहून बार्सिलोनाला थेट टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी आहे, साधारण पावणेसात तासांची, तिथपर्यंत ठीक. पण बार्सिलोनाहून रोमला जायला रेल्वेचा धड रस्ता नाही. फ्रान्सचा दक्षिण किनारा धरून, चार-पाच गाड्या बदलत गेलात तर दिवसाहून जास्त वेळ लागतो. बार्सिलोनाहून रोमजवळच्या चिविताव्हेक्क्या बंदरापर्यंत फेरीबोट जाते, वीसेक तास घेते. हौस असेल तर झकास, पण तुमच्या अठरा दिवसांत ती बसत नाही. स्पेनला वेगळी सहल करा. तिथे माद्रिद–बार्सिलोना मार्गावर रेन्फे, ओइगो आणि इर्यो अशा तीन कंपन्यांच्या गाड्या धावतात, सव्वासहाशे किलोमीटर अडीच तासांत होतात आणि चढाओढीमुळे तिकीटही स्वस्तात मिळतं.

दुसरं नाव रोम. इथे तुमच्यात भांडण होणार हे मला माहीत आहे, म्हणून दोन्ही आखण्या देतो.

पहिली, जी मी स्वतः निवडेन: पॅरिस चार रात्री, ॲम्स्टरडॅम दोन, बर्लिन तीन, प्राग तीन, व्हिएन्ना दोन, एक रात्र गाडीत, व्हेनिस दोन. झाल्या सतरा. विमान पॅरिसला उतरायचं आणि परतीचं व्हेनिसहून पकडायचं. उतरण्याचं आणि परतीचं शहर वेगळं ठेवणं हा सहलीतला सगळ्यात फायद्याचा निर्णय असतो. ‘मल्टी-सिटी’ असा शोध घेतलात तर भाडं साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच येतं, आणि विमान पकडण्यासाठी पुन्हा पॅरिस गाठण्यात एक अख्खा दिवस आणि सहा तिकिटं फुकट जात नाहीत.

दुसरी, रोमवर कुणी अडूनच बसलं तर: ॲम्स्टरडॅम सोडा. डिसेंबर २०२४ पासून पॅरिस–बर्लिन अशी दिवसाची थेट गाडी आहे, साधारण आठ तासांची. मग पॅरिस चार, बर्लिन तीन, प्राग दोन, व्हिएन्ना दोन, गाडीत एक, व्हेनिस दोन, रोम तीन. व्हेनिसहून रोमला वेगवान गाडी चार तासांत सोडते. ही आखणी जास्त धावपळीची आहे, पण जमण्यासारखी आहे.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: कुठेही गाडी बदलायची नाही. पॅरिस–ॲम्स्टरडॅम सव्वातीन तासांच्या आसपास, ॲम्स्टरडॅम–बर्लिन सहा, बर्लिन–प्राग सव्वाचार, प्राग–व्हिएन्ना चार, आणि व्हिएन्नाहून रात्री निघून सकाळी व्हेनिस. सगळ्या थेट गाड्या. गटासाठी मी थेट गाडीला एवढं महत्त्व का देतो, त्याचं कारण जर्मनी. जर्मन रेल्वे काट्यावर चालते ही जुनी समजूत आता सोडून द्या. डॉइच्च बान या जर्मन रेल्वे कंपनीच्या २०२४ च्या आकड्यांनुसार लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ म्हणूनच धरतात. वेळापत्रकाच्या ॲपला तुमच्याशी देणंघेणं नसतं. ते बेधडक सात मिनिटांत गाडी बदलायला सांगतं. एकटा माणूस पाठीवर पिशवी टाकून पळतो आणि गाडी गाठतो. सहा जणांत एक जण स्वच्छतागृहात असतो आणि एकाच्या बॅगेचं चाक निघालेलं असतं. जर्मनीत बदल टाळता येत नसेल तर पाऊण तास हाताशी ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये दहा मिनिटं पुरतात. तिथली वेळापत्रकंच एकमेकींना धरून रचलेली आहेत.

आता पास. युरेल हा युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीचा पास, युरोपातल्या रहिवाशांसाठी त्याच धर्तीवर इंटररेल. ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. त्याचे दोन प्रकार: एक सलग दिवसांचा आणि दुसरा फ्लेक्सी, म्हणजे महिन्याभरात हवे ते चार, पाच किंवा सात दिवस, अथवा दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा दिवस. वय २७ पर्यंत असेल तर युथ पास, पंचवीस टक्के स्वस्त. तुमच्यात दोन्ही वयोगट आहेत. एकाच गटात काहींचे युथ आणि काहींचे ॲडल्ट पास असायला हरकत नसते. पास फोनवरच्या ‘रेल प्लॅनर’ ॲपमध्ये असतो. प्रत्येक गाडी त्यात आधी टाकायची, त्या दिवसापुरती चालू करायची, मग क्यूआर कोड तयार होतो आणि तोच तपासनीसाला दाखवायचा. गाडी न टाकताच चढलात तर तुमच्याकडे तिकीट नाही असंच धरलं जातं. ॲपला तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं हेही ध्यानात असू द्या.

पासच्या जाहिरातीत ‘मनात येईल तेव्हा चढा’ असं चित्र असतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या देशांतर्गत गाड्यांत ते बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे सीट आरक्षण बहुतेक ऐच्छिक असतं. पण फ्रान्सच्या टीजीव्ही, पॅरिस–ॲम्स्टरडॅमची युरोस्टार, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्या, आणि रात्रीच्या जवळजवळ सगळ्या गाड्या यांत पास असूनही आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे. इटलीत ते दहा-पंधरा युरोंवर भागतं, युरोस्टारला त्याहून बरंच जास्त लागतं. शिवाय युरोस्टार आणि टीजीव्हीच्या काही मार्गांवर पासधारकांसाठी जागांचा कोटा असतो. तो संपला की गाडीत जागा रिकामी असूनही तुम्हाला पासवर मिळत नाही. पूर्ण भाड्याचं तिकीट तेवढं मिळतं. इटालो आणि ओइगो या कंपन्या पास घेतच नाहीत.

तुमच्या आखणीत प्रवासाचे दिवस पाच. पाच दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा ॲडल्ट पास तीनशे युरोंच्या वर जातो, त्यावर युरोस्टारचं आरक्षण आणि रात्रीच्या गाडीतल्या बर्थचे पैसे. हेच पाच प्रवास सुट्या तिकिटांनी, वेळेत काढली तर, दोनशे युरोंच्या आसपास बसवता येतात. उशीर केलात तर तीच तिकिटं चारशेच्या पुढे जातात. पास तुम्हाला ऐन वेळी बेत बदलायची मोकळीक विकतो, आणि मुक्कामांची आगाऊ नोंदणी करून बसलेल्या सहा जणांना ती मोकळीक वापरताच येत नाही. म्हणून तुम्हाला माझं उत्तर: पास नको. सहल स्वित्झर्लंड-ऑस्ट्रिया-जर्मनीत असती, रोज नव्या खेड्यात उतरायचं असतं, हवा बघून डोंगर ठरवायचे असते किंवा निघायला दोनच आठवडे उरले असते, तर हेच उत्तर उलटं दिलं असतं. बर्निना मार्गाचंच घ्या. कूर ते तिरानो हा आल्प्समधला रेल्वेमार्ग २,२५३ मीटरवरचं ओस्पिझिओ बर्निना स्टेशन गाठतो. मोठ्या काचांच्या बर्निना एक्सप्रेसला आरक्षणाचे जादा पैसे पडतात. त्याच रुळांवरून जाणाऱ्या साध्या गाड्यांत पास बिनआरक्षण चालतो, आणि त्यांच्या खिडक्या उघडतात. फोटोसाठी साधी गाडीच बरी.

सुटी तिकिटं काढायला बसाल तेव्हा कुठून काढता यालाही महत्त्व आहे. एकच गाडी दोन देशांच्या रेल्वे आपापल्या साइटवर वेगवेगळ्या भावाने विकतात. बर्लिन–प्राग हे त्याचं ठळक उदाहरण. जर्मन साइटवर भाव चढलेला असतो तेव्हा चेक रेल्वेच्या, म्हणजे चेस्के द्राहीच्या साइटवर त्याच गाडीची तिकिटं बरेचदा कमी भावात असतात. प्राग–व्हिएन्ना मार्गावर चेक रेल्वेशिवाय रेजिओजेट या खासगी कंपनीच्या पिवळ्या गाड्याही आहेत. व्हिएन्ना–व्हेनिस रात्रगाडी, म्हणजे नाइटजेट, ऑस्ट्रियन रेल्वेची, तिकीट त्यांच्याच साइटवर काढावं. वेळा बघायला मात्र डॉइच्च बानची साइट उत्तम. तिच्यात जवळजवळ साऱ्या युरोपच्या गाड्या सापडतात.

किती आधी? बहुतेक ठिकाणी विक्री प्रवासाच्या तीन ते सहा महिने आधी उघडते. युरोपभराचं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी बदलतं, त्यामुळे पुढच्या जूनच्या गाड्या नोव्हेंबरात दिसल्या नाहीत तर घाबरून जाऊ नका. सगळ्यात आधी रात्रीची गाडी, कारण तिच्यात डबे मोजके असतात आणि सहा जणांना एकत्र जागा हवी आहे. मग युरोस्टार. बाकीच्या तीन गाड्यांना थोडा उशीर झाला तरी आभाळ कोसळत नाही.

गटाने तिकीट काढताना एक खोच असते. गाडीत सर्वांत स्वस्त दराच्या चारच जागा उरल्या असतील आणि तुम्ही सहा जणांसाठी शोध घेतलात, तर बऱ्याच साइट सहाही जणांना वरचा दर दाखवतात. म्हणून आधी एका प्रवाशाचा भाव बघा, मग सहांचा. माणशी फरक दिसला तर चार आणि दोन असं तोडून काढा. आसनांचा नकाशा मिळत असेल तर मधे टेबल असलेली चार आसनं आणि मार्गिकेच्या पलीकडची दोन घ्या.

तिकीट तोडून काढण्याला दुसरंही कारण आहे. सहांचं एकच तिकीट असलं की ते एकाच्याच फोनमध्ये राहतं. जर्मन रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर गटातल्या एकाचं नाव असतं आणि ती व्यक्ती गाडीत असावीच लागते. म्हणजे तिकीटवाला मागे राहिला तर वेळेवर पोहोचलेले पाच जणही अडकले. शिवाय कुणाचं येणं रद्द झालं तर एका तिकिटातून एक माणूस वगळणं हा वेगळा ताप. दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीचं तिकीट त्यांच्याच फोनमध्ये, ही माझी आवडती पद्धत. जागा शेजारी मिळाव्यात म्हणून तिघांनी एकाच वेळी बसून काढा.

स्वस्त तिकीट ठराविक गाडीला बांधलेलं असतं. ती चुकली की तिकीट गेलं. मात्र चूक रेल्वेची असेल तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे गाडी तासभर किंवा जास्त उशिरा पोहोचली तर भाड्याच्या २५ टक्के आणि उशीर दोन तास किंवा जास्त असेल तर ५० टक्के भरपाई मागता येते. महापुरासारख्या अपवादात्मक कारणांना सूट आहे. पैसे आपोआप येत नाहीत, अर्ज करावा लागतो, म्हणून तिकिटाची पीडीएफ सहल संपल्यावरही पुसू नका. जर्मनीत उतरण्याच्या स्टेशनावर पोहोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की तिकिटाचं गाडीशी बांधलेपण सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. पण दोन गाड्यांची वेगवेगळी तिकिटं काढली असतील आणि पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर दुसरीची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. थेट गाड्यांचा आग्रह यासाठीही.

बर्लिन–प्राग प्रवासाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या आखणीतला तो सगळ्यात देखणा दिवस आहे. ड्रेस्डेन सोडल्यावर गाडी एल्ब नदीच्या काठाने जाते. प्रागकडे जाताना नदी डावीकडे असते, म्हणून डावीकडच्या जागा घ्या. वाळूच्या दगडांचे उभे कडे, पाण्याला लागून असलेली गावं, आणि गाडी वळणांमुळे मुद्दाम आपल्यासाठी केल्यासारखी सावकाश. गाडीला चेक रेल्वेचा भोजनयान डबा असेल तर तिथे जाऊन बसा. ताजं शिजवलेलं जेवण आणि नळातून भरलेली बीअर, भावही जर्मन गाडीपेक्षा सौम्य. सहा जणांना एकदम टेबल मिळवायचं तर बर्लिन सुटताच जा, भूक लागण्याची वाट बघू नका. आणि ड्रेस्डेन पाहायचंच असेल तर जर्मन साइटवर तिकीट काढताना मधला थांबा आणि त्याचा कालावधी टाकता येतो. चार तास टाका, सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा, जुनं शहर चालत बघून पुढची गाडी धरा.

रात्रीची गाडी. हॉटेलचे पैसे वाचतात का? थोडे. बर्थचं तिकीट दिवसाच्या तिकिटापेक्षा महाग असतं, त्यामुळे वाचतो तो पैशापेक्षा दिवस. व्हिएन्ना–व्हेनिस नाइटजेटमध्ये तीन तऱ्हा असतात: नुसती बसायची आसनं, कुशेत (साध्या बर्थचे कप्पे) आणि स्लीपर (बिछान्यांच्या छोट्या खोल्या). बसायच्या आसनावर रात्र काढू नका. दुसरा दिवस व्हेनिसमध्ये पेंगण्यात जाईल. स्लीपर आरामाचं पण महाग. तुमच्यासाठी कुशेत. त्यात सहा बर्थचा किंवा चार बर्थचा कप्पा मिळतो. तुम्ही सहा जण म्हणजे अख्खा कप्पा तुमचाच, हे कागदावर फार छान वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना तीन-तीन बर्थ, मधल्यावर ताठ बसता येत नाही, आणि सहा मोठ्या बॅगा ठेवायला जागाच नाही. बॅगा खालच्या बर्थखाली, वरच्या कोनाड्यात आणि उरलेल्या तुमच्या पायाशी. पाठीवरच्या पिशव्या असतील तर सहांचा कप्पा खुशाल घ्या. चाकांच्या मोठ्या बॅगा असतील तर चौघांचा एक कप्पा आणि दोन जणांना स्लीपर, असं करून फरकाचे पैसे सहांत वाटा.

चढल्यावर डब्याचा सहायक येतो, तिकिटं बघतो, सकाळच्या न्याहारीला चहा की कॉफी विचारतो. उशी, चादर, पांघरूण मिळतं. दार आतून कडी घालून बंद करा. पासपोर्ट आणि पैसे बर्थच्या भिंतीकडच्या बाजूला. सकाळी तोच सहायक दार वाजवून पाव, लोणी, जाम आणि गरम पेय देतो. आता महत्त्वाचं: गाडी आधी व्हेनेत्सिया मेस्त्रेला थांबते. ते मुख्य भूमीवरचं स्टेशन. झोपेत ‘व्हेनेत्सिया’ एवढंच वाचून उतरू नका. बसून राहा, गाडी खाडीवरच्या १८४६ सालच्या लांबलचक पुलावरून जाते, दोन्ही बाजूंना पाणी, आणि दहाएक मिनिटांत सान्ता लुचिया येतं. बाहेर पडलात की समोर थेट ग्रँड कॅनॉल.

रात्रीच्या गाड्यांबाबत आणखी एक सूचना: आपल्या तिकिटावर जो डबा क्रमांक आहे त्याच डब्यात चढा. या गाड्या मध्यरात्री तोडल्या-जोडल्या जातात. साल्झबुर्गसारख्या ठिकाणी काही डबे एका शहराला जातात आणि काही दुसऱ्याच देशात. दिवसाच्या काही गाड्याही मधे दुभंगतात. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात फलाटावर ए, बी, सी असे विभाग असतात आणि कोणता डबा कुठे लागेल हे फलकावर दाखवतात. गाडी येण्याआधी सहाही जण त्या अक्षराखाली उभे राहिलात तर निम्मी धावाधाव वाचते.

स्टेशनांची नावं तिकिटाबरोबर पुरती लिहून ठेवा. पॅरिसमध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांची अर्धा डझन स्टेशनं आहेत. ॲम्स्टरडॅमची गाडी गार द्यू नोरहून, बर्लिनची गार द लेस्तहून. वेळापत्रकांत शहरं स्थानिक नावांनी येतात: व्हिएन्नाचं वीन, प्रागचं प्राहा, व्हेनिसचं व्हेनेत्सिया. प्रागला मुख्य स्टेशन म्हणजे ‘ह्लाव्हनी नाद्राझी’, फलकावर नुसतं ‘एचएल. एन.’ असं आखूड.

सामानाचं एका वाक्यात: जी बॅग तुम्ही एकट्याने, एका हाताने, तीन पायऱ्या वर चढवू शकत नाही ती आणू नका.

आता माणसं. सहा जणांची मतं सहा, त्यात भूक लागली की बारा. काही गोष्टी निघण्याआधी, सगळे घरात पोटभर जेवलेले असताना बोलून घ्या. रोजचं माणशी बजेट किती, हे आकड्यात. ‘जास्त खर्च नको’ या वाक्याचे सहा अर्थ निघतात. सामायिक खर्चासाठी कॉन्ट्री काढून एका कार्डावर ठेवा, हिशेब स्प्लिटवाइजसारख्या ॲपवर त्याच रात्री टाका. आठवड्याने टाकायला बसलात की ती कॉफी कुणी प्यायली यावरून वाद होतो. गाडी चुकवणाऱ्याचं काय, हेही आधी ठरवा. मी गटांना सांगतो तो नियम कठोर आहे: भेटायची जागा फलाट, वेळ गाडीच्या वीस मिनिटं आधी, आणि कुणी आला नाही तर बाकीचे निघतात, तो आपल्या पैशाने पुढच्या गाडीने येतो. आधी मान्य केलेलं असलं की त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. सकाळी नऊच्या आधीची गाडी घेऊ नका, ती पंधरा युरो स्वस्त असली तरी. आणि प्रत्येक शहरात एक दिवस मुद्दाम वेगवेगळे फिरा, संध्याकाळी जेवायला भेटा. चोवीस तास एकत्र राहण्याचा हट्ट करणारे गट मी दुसऱ्या आठवड्यात गप्प झालेले पाहिलेत.

कामं वाटून द्या, पण निर्णय एका शहरापुरते एकाकडे. बर्लिन जिचं, तिने गाडी, मुक्काम, पहिल्या संध्याकाळचं जेवण बघायचं, आणि बाकीच्यांनी त्या तीन दिवसांत फाटे फोडायचे नाहीत.

व्हिसाचं राहिलं. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो, आणि अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री आहेत त्याच्याकडे करायचा. पहिल्या आखणीत तो फ्रान्स, दुसरीत मात्र व्हेनिस आणि रोम मिळून पाच रात्री होतात, म्हणजे इटली. म्हणून रोमचं भांडण अर्ज भरण्याआधी मिटवा. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यातल्या तारखा भराभर संपतात, शक्य तितक्या लवकर जा. व्हिसा हातात येईपर्यंत मुक्काम रद्द करता येण्याजोगेच घ्या. तिकिटांतली फक्त रात्रगाडी आणि युरोस्टार आधी काढा, तीही बदलता किंवा परत करता येण्याच्या दरात मिळत असतील तर. मधे कुणाच्या डोक्यात ‘लंडनला एक चक्कर’ आलं तर लक्षात असू द्या: ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा, आणि तुमचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर लंडनहून परत युरोपात शिरता येणार नाही.

आणि पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नका. शेंगेनच्या आत सीमा नाहीत असं म्हणतात, पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि नंतर तिची मुदत वाढवली. ॲम्स्टरडॅमहून बर्लिनला जाताना पोलीस डब्यात येऊन मूळ पासपोर्ट मागू शकतात. फोनमधला फोटो त्यांना चालत नाही.